तापणारा अँप्लिफायर



हल्ली पुष्कळ जीपगाड्यांत गाणी वाजतात. आवाज मोठा करणाऱ्या पेटीला अँप्लिफायर म्हणतात. ही पेटी बॅटरीची वीज घेते. थोड्या विजेचा आवाज होतो, बाकीची उष्णता होते. म्हणून पेटी कोमट होणारच. पण हात ठेववेना, गाणे मध्येच थांबू लागले, तर कारण शोधायला हवे.

आधी वारा पाहा. पेटीच्या अंगावरच्या पट्ट्यांतून उष्णता बाहेर जाते. पेटी गोणपाटाखाली दडपली तर ती जाणार कुठून?

मग तारा पाहा. बॅटरीची तार बारीक नको. दुसरी तार गाडीच्या पत्र्याला जोडतात. तिथला रंग खरवडा नि तार घट्ट आवळा.

मग स्पीकर मोजा. 4 ओहमचे दोन स्पीकर शेजारी-शेजारी एकाच जोडतारेवर लावले, की पेटीला ते 2 ओहमचे होतात. वीज दुप्पट ओढली जाते. तेवढे पेटीला झेपते का? तो आकडा पेटीवर छापलेला असतो. आता तुम्हांला वाचता येते. कुणाला विचारायला नको, स्वतः वाचा.

एवढे करूनही तापते? पेटी बंद करा, निवू द्या. स्पीकरच्या तारा सोडून पुन्हा चालू करा. तरीही तापली, तर दोष आत आहे. कारागिराकडे न्या.

एक गोष्ट मात्र कधी करू नका. फ्यूज उडाला म्हणून जाड फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालू नका. फ्यूज जळतो, म्हणून गाडी वाचते. तो जळला नाही, तर तार पेटेल. गाडीत आपलीच मुलेबाळे बसतात ना?