बेवड कुणासाठी?



‘आपल्या क्षेत्राबद्दल बोला’ असं आयोजकांनी सांगितलं होतं. मी बेवडाबद्दल बोलणार आहे. कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या नावावर सातबारा आहे, पण रान दुसराच कुणीतरी कसतो.

बेवड म्हणजे आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण. मुगाच्या बेवडावर ज्वारी जोमाने येते, हे आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होतं. त्यामागचं कारण १८८६ साली हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलं: शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू असतात, ते हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. फुलोऱ्यातलं मुगाचं रोप अलगद खणून काढा आणि गाठ नखाने फोडून पाहा. आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे.

मात्र यातला बराचसा नत्र दाण्यात जातो आणि दाणा बाजारात. रानाला उरतो तो मुळांतला आणि पाल्यातला. हरभरा मुळासकट उपटून खळ्यावर नेला की तोही गेला. विळ्याने कापला तर मुळं जागीच कुजतात. मुगाच्या शेंगा साठ-सत्तर दिवसांत तोडून होतात. पाला गाडायचा आणि त्यावर रब्बी ज्वारी.

सोयाबीनही शेंगवर्गीयच ना, असं कुणी म्हणेल. पण सोयाबीनवर हरभरा आणि हरभऱ्यावर पुन्हा सोयाबीन, यात तृणधान्य कुठे आहे? शिवाय सारखा हरभरा घेतला की मर रोग जमिनीत ठाण मांडतो.

आता मुद्द्याचं. आपण रान एका वर्षाच्या ठोक्याने देतो. पुढच्या वर्षी ते कुणाकडे असेल हेच ज्याला माहीत नाही, त्याने पाला गाडून दुसऱ्याच्या ज्वारीची सोय का करावी? त्याचा हिशेब चोख आहे. खोट आहे ती मुदतीत.

आमच्या रानाचा ठराव भावाने आणि मी यंदा तीन वर्षांचा केला. ठोका थोडा कमी घेतला, कारण काढणीला पाऊस लागला तर मुगाला शेंगेतच कोंब फुटतात, तो धोका एकट्या कसणाऱ्याने का सोसावा? बदल्यात तीनपैकी एक खरीप मुगाचा, त्यामागे ज्वारी. आणि हरभरा कापूनच काढायचा. रान कसणाऱ्या काकांनी एकच विचारलं, “लेखी देणार का?” दिलं.

पाडव्याला ज्यांचे नवे ठराव व्हायचे आहेत, त्यांनी जेवणानंतर मला गाठा. कागदाच्या प्रती पिशवीत आहेत.