बॅटरी गेली म्हणण्याआधी

औशातून तुमच्या गटांची समन्वयक बोलतेय. मागच्या बैठकीत तिघींनी मला एकच प्रश्न विचारला, "ताई, जुनी चार्जिंगची सायकल घ्यावी का? मधीच बंद पडती म्हणं." प्रश्न कुठून आला ते मला ठाऊक आहे. आमच्या एका सीआरपी ताईंना भर उन्हात तशी सायकल ढकलत नेताना अख्ख्या गावानं बघितलंय. त्यांची परवानगी घेऊन आज तीच हकिकत सांगते.

या ताईंकडं पाच वस्त्यांवरचे गट. एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. काळी-पिवळी भरल्याशिवाय हलत नाही. म्हणून त्यांनी लातूरहून कुणाची तरी वापरलेली चार्जिंगची सायकल घेतली, अकरा हजारांना. तीन हजार पदरचे आणि आठ हजार गटाचं अंतर्गत कर्ज. पहिला महिना झकास गेला. नंतर ओढ्याच्या चढाला सायकल दगा द्यायला लागली. सपाटीला पळायची, चढ लागला की खट्कन बंद. चावी फिरवून दोन मिनिटं थांबलं की परत चालू. पुढं पन्नास पावलांवर पुन्हा तेच.

एका दुकानात दाखवली. त्यांनी सायकलला हातसुद्धा लावला नाही, लांबूनच म्हणाले, "बॅटरी गेली. नवी बारा हजार." अकरा हजारांच्या सायकलला बारा हजारांची बॅटरी! घरी "म्हणलं होतं की मी" सुरू झालं. गटात कुजबुज, की आता हप्ता यायचा का. आणि बैठकीत आमचीच एक जण बोलून गेली, "बाईमाणसानं मशिनीच्या नादी लागूच नाही."

ते मला लागलं. तसं बघितलं तर मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, मला तरी विजेतलं काय कळतंय! पण कर्जाचा ठराव माझ्यासमोर झाला होता. मग आम्ही दोघी सायकल घेऊन मोटार रिवायंडिंगच्या दुकानात गेलो. विहिरीच्या मोटारी भरणारे ते काका. ते म्हणाले, "चार्जिंगच्या सायकलीतलं मला नवं हाय. पण वीज तीच हाय. कुणी मोजलं का?"

कुणीच मोजलं नव्हतं.

त्यांनी मल्टिमीटर काढला, आपण नुसतं मीटर म्हणू. लहान मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. ताईंची बॅटरी छत्तीस व्होल्टची, लिथियमची. अशी बॅटरी पूर्ण भरली की बहुतेक वेळा मीटरवर ४२ च्या आसपास आकडा दिसतो, आणि ३१-३२ पर्यंत उतरली की कंट्रोलर गाडी बंद करतो. कंट्रोलर म्हणजे बॅटरी आणि चाकातली मोटार यांच्यामधला डबा. आपण रेस दिली की मोटारीला किती वीज सोडायची ते तो ठरवतो. बॅटरी फार उतरून खराब होऊ नये म्हणून त्यानं बंद करणं बरोबरच आहे.

मीटर लावला, तर ४१ च्या वर. मी म्हटलं, "म्हणजे बॅटरी चांगली!" काका हसले. म्हणाले, "उभ्या गाडीवर समदं चांगलंच दिसतंय. बोजा पडू द्या."

इथं जरा नीट ऐका, खरी गोम इथंच आहे. नळ बंद असताना पाइपात पाणी गच्च असतं. पाइपात गाळ साचलाय का, ते नळ उघडल्यावर कळतं. टाकी भरलेली, तरी तोटीला करंगळीएवढी धार. विजेचंही तसंच. सायकल उभी असताना व्होल्ट पूर्ण दिसतात. चढावर मोटार जास्त वीज ओढते, तेव्हा कुठं अडतंय ते उघडं पडतं. म्हणून मोजायचं ते चढावर, आणि दोन ठिकाणी: एकदा टाकीपाशी, एकदा तोटीपाशी. टाकी म्हणजे बॅटरी, तोटी म्हणजे कंट्रोलर.

काकांनी मीटरच्या वायरी आधी बॅटरीच्या बाजूला पक्क्या चिकटपट्टीनं बांधून दिल्या, लाल आणि काळी एकमेकींना चिकटणार नाहीत अशा. मोकळ्या रस्त्यावर ताई सायकल चालवतायत आणि मी मीटर हातात धरून शेजारून पळतेय! पोरं हसत होती. पळता पळता वाचलं: ३७. गाडी बंद. मग वायरी कंट्रोलरच्या बाजूला बांधल्या, पुन्हा तोच चढ, पुन्हा मी पळाले. या वेळी ३०.

टाकीपाशी ३७, तोटीपाशी ३०. मधले सात व्होल्ट गेले कुठं? मधे होता फक्त एक कप्लर, दोन वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा खटका. काकांनी हात लावला आणि झटकन मागं घेतला. चटका बसला. उघडला तर आतली पितळी पट्टी काळी पडलेली, प्लॅस्टिक पिवळट होऊन वितळलेलं. बॅटरी वीज देत होती, पण ती या काजळीत उष्णता होऊन जळत होती. कंट्रोलरला वाटायचं बॅटरी उतरली, म्हणून तो बंद करायचा. दोन मिनिटं थांबलं की बोजा नाही, आकडा परत वर, गाडी परत चालू.

नवा कप्लर, चांगल्या जाडीची वायर आणि मजुरी मिळून दीडशे रुपये. ताई त्या दिवशी त्याच चढावरून घरी गेल्या. मागं कॅरिअरवर गटाच्या वह्यांची पिशवी.

आता सगळ्यांचीच बॅटरी चांगली निघते असं समजू नका. दुसऱ्या एका मावशींच्या सायकलला जुन्या पद्धतीच्या, शिशाच्या चार बॅटऱ्या होत्या, बारा-बारा व्होल्टच्या, एकापुढं एक जोडलेल्या. तिथं एकेक बॅटरी वेगळी मोजली. बोजा पडला की तीन जणी साडेअकराच्या वर टिकायच्या, चौथी नऊवर यायची. एकीमुळं चौघींचं काम थांबायचं. (गट चालवणाऱ्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही.) मावशी म्हणाल्या, "मग ती एकच बदलू की." मोह होतो, पण जुन्या तिघींत नवी घातली तर चार्जिंगचा मेळ बसत नाही, आणि थोड्याच दिवसांत नवीही जुन्यांसारखी होते. चारही बदलाव्या लागल्या. मावशींना वाईट वाटलं, मलाही. पण तो खर्च मोजून केलेला होता.

बाकीच्या तक्रारी यापेक्षा सोप्या असतात. डिस्प्लेवर दिवे आहेत, चाक मात्र फिरत नाही, असं झालं तर आधी ब्रेक बघा. ब्रेकच्या मुठीत एक छोटा स्विच असतो. ब्रेक दाबला की तो मोटार बंद करतो. आपल्याकडच्या धुळीनं, चिखलानं तो अडकून बसतो, आणि गाडीला वाटतं तुम्ही ब्रेक दाबूनच धरलाय. सायकल स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी ठेवा, चावी बंद करून एका ब्रेकच्या स्विचचा कप्लर सोडा, मग चावी लावून हलकी रेस द्या. फिरलं? मग दोष सापडला. पण स्विच तसाच सुटा ठेवून फिरू नका, बदलून घ्या.

चार्जरचा दिवा लागतच नसेल तर आधी घरातली लाइट बघा. संध्याकाळी शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की बल्ब मिणमिणतो, हे तुम्ही रोज बघता. तेव्हा काही चार्जर काम करत नाहीत. रात्री उशिरा किंवा पहाटे लावून बघा. आणि चार्जर लावल्या लावल्या हिरवा झाला, पण सायकल दोन किलोमीटरसुद्धा जात नाही, असं असेल तर मात्र बॅटरीचीच तपासणी करा.

दोन गोष्टी अजिबात करू नका. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी तार घालायची नाही. शेतातल्या स्टार्टरच्या पेटीत आपल्या घरची माणसं ते करतात, मला माहीत आहे. लिथियमच्या बॅटरीशी तो खेळ केला तर आग लागते. आणि दुसऱ्या सायकलचा चार्जर, पिन बसते म्हणून, लावायचा नाही. छत्तीसच्या बॅटरीला अठ्ठेचाळीसचा चार्जर लावणं म्हणजे घरात पेटतं लाकूड ठेवून झोपणं. चार्जिंग पण कडब्यापासून, सोयाबीनच्या पोत्यांपासून लांब, आणि झोपायच्या खोलीत नकोच. आपला उन्हाळा चाळीसच्या वर जातो. उन्हातून आल्या आल्या पत्र्याखाली बॅटरी चार्जला लावू नका, आधी सावलीत गार होऊ द्या. आणि सायकल पाइपनं धुऊ नका, ओल्या फडक्यानं पुसा.

ज्यांना घ्यायची आहे त्यांच्यासाठी एवढंच. विकणारा सपाट रस्त्यावर चक्कर मारून दाखवतो. तुम्ही चढावर न्या, मागं ओझं ठेवून न्या, आणि उतरल्यावर कप्लरना हात लावून बघा. हाताला चटका बसला तर किंमत कमी करून मागा. मूळ चार्जर आणि खरेदीची पावतीही मागा. मोटार २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असलेल्या हलक्या सायकलीलाच नोंदणी आणि लायसन लागत नाही. त्याहून जास्त पळणारी गाडी कुणी "सायकलच हाय ही" म्हणून गळ्यात मारत असेल तर कागद बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

सीआरपी ताईंचे पाच हप्ते वेळेवर आलेत. गटानं एक मीटर घेतलाय, खर्च वहीत लिहिलाय, आणि सध्या तो माझ्याकडं आहे. ज्यांची सायकल कुरकुरतेय त्यांनी पुढच्या सोमवारी बैठकीला घेऊन या. बॅटरी रात्रीच पूर्ण भरून ठेवा. येताना सायकल मोकळी आणू नका, रोज जेवढं ओझं लादता तेवढं लादूनच या. आणि या वेळी मीटर धरून पळायला कुणीतरी दुसरी तयार ठेवा, माझे गुडघे अजून दुखतायत.