यंत्राजवळचा माणूस
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आम्ही पेशाने शिक्षक. कारखान्यांविषयी बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच की, बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाच्या कारखान्यांत राबणाऱ्यांची मुले आमच्या वर्गात बसतात. बापाचा पाय फोर्कलिफ्टखाली सापडला की महिन्याभरात मुलाची हजेरी तुटते, हे आम्ही हजेरीपटावर पाहिले आहे.

फोर्कलिफ्ट दिसते लहान. परंतु पुढच्या पात्यांवरचा माल तोलण्यासाठी तिच्या पाठीशी जड लोखंड घातलेले असते. ती मागच्या चाकांनी वळते. त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि शेजारी उभा असलेला माणूस भिंतीशी चिरडतो. माल उंच धरून वेगाने वळविल्यास ती कलंडते. चालक घाबरून उडी टाकतो आणि नेमका तिच्या लोखंडी छपराखाली सापडतो. पट्टा बांधून, चाक घट्ट धरून जागीच बसावे व कलंडत्या बाजूच्या उलट झुकावे, यातच वाचण्याची आशा अधिक.

उपाय फार खर्चाचे नाहीत. माल जमिनीपासून वीतभरच उचलून न्यावा. समोरचे दिसत नसेल तर गाडी मागे चालवावी. चढउतारावर मालाची बाजू चढाकडे असावी. पात्यांवर माणसास उभे करून उचलू नये. पायी चालणाऱ्यांची वाट निराळी आखावी. आणि शिकलेल्याखेरीज कोणी किल्लीस हात लावू नये. ‘जरा बाजूला घे रे’ म्हणून हमालाच्या हाती गाडी दिली की अपघाताला आमंत्रण मिळालेच.

भरपाईचा कायदा १९२३ साली झाला, राज्य विम्याचा १९४८ साली. आता त्यांची जागा नव्या संहितेने घेतली आहे. विमा असलेल्या जखमी कामगारास तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के लाभ मिळतो. परंतु कायदा कागद मागतो. अपघाताची नोंद झाली नाही, विमा क्रमांक घरात कोणास ठाऊक नाही, मग हक्क असून हात रिकामे!

न्यासाने आजवर पुष्कळ मुलांची फी भरली. आमची विनंती इतकीच की, जखमी कामगाराच्या घरी पहिल्याच आठवड्यात कागदपत्रे जाणणारा एक माणूस पाठवावा. शरीर ही अमानत आहे, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. कामावर गेलेली ती अमानत संध्याकाळी धडधाकट घरी परत यावी, हीच या महोत्सवी दिनी आमची प्रार्थना.