शब्दकोडे : उत्तर आणि उकल



सकाळी वर्तमानपत्र घरात आले की त्याची वाटणी होते. पहिले पान वडील मंडळींचे, खेळाचे पान मुलांचे, आणि आतला तो काळ्यापांढऱ्या घरांचा चौकोन ज्याच्या हाती आधी पेन्सिल लागेल त्याचा. त्या चौकोनाविषयी आज चार शब्द बोलायचे आहेत. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा.

हा खेळ फार जुना नाही. लिव्हरपूलला जन्मलेल्या आर्थर विन नावाच्या गृहस्थांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ या पत्राच्या रविवारच्या पुरवणीत असे कोडे प्रथम छापले. त्याचा आकार शंकरपाळ्यासारखा होता. १९२४ साली अमेरिकेत अशा कोड्यांचे पुस्तक निघाले आणि लोक त्याच्या नादी लागले. लंडनच्या ‘टाइम्स’ने मात्र १९३० पर्यंत दम धरला.

इंग्रजी कोडे मराठीत आले, पण ते जसेच्या तसे येऊ शकले नाही. इंग्रजीत एका घरात एक वर्ण बसतो आणि वर्ण अवघे सव्वीस. आपल्याकडे एका घरात अख्खे अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसकट. ‘महाराष्ट्र’ हा केवढा शब्द, पण घरे चारच : म, हा, रा, ष्ट्र. आता हे शेवटचे ‘ष्ट्र’ पाहा. त्याने सुरू होणारा शब्द आपल्याला मिळणार नाही. तेव्हा कोडे रचणाऱ्याला तिथे ‘राष्ट्र’ यासारखा, त्याच अक्षराने संपणारा शब्द आणावा लागतो, नाही तर ते घर एकाच शब्दापुरते सोडावे लागते.

ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच. ‘कवी’ या शब्दातली ‘वी’ दीर्घ. ‘विहीर’ मधली ‘वि’ ऱ्हस्व. म्हणून आडव्या ‘कवी’च्या शेवटच्या घरातून खाली ‘वीज’ काढता येते, ‘विहीर’ काढता येत नाही! शुद्धलेखनाचा हा धडा मी वर्गात तासभर शिकवला तर मुले जांभया देतात. तोच कोड्यात सापडला की भांडून शिकतात.

आता सूचनांकडे वळू. काही सूचना सरळ असतात, नुसता समानार्थी शब्द मागतात. काहींत श्लेष असतो. उदाहरणार्थ : ‘तोंडात असतो, आकाशात उडतो आणि मुंजीनंतर होतो’, अक्षरे दोन. उत्तर ‘द्विज’. दोनदा जन्मलेला तो द्विज. दात पडून पुन्हा येतो, पक्षी आधी अंड्याच्या रूपाने आणि मग अंडे फोडून जन्मतो, आणि मुंज हा बटूचा दुसरा जन्म मानला आहे. तिसरा प्रकार उलटापालटीचा : ‘गरीब उलटा करा, पाणी वाहू लागेल’. गरीब म्हणजे ‘दीन’. उलटा वाचा, ‘नदी’ झाली की नाही? इथेही वेलांटी अक्षराला धरूनच फिरते, ती सुटी होत नाही.

सोडवताना पहिले पथ्य असे की, एक क्रमांकापासून सुरुवात करायलाच हवी असे नाही. ज्याची खात्री आहे तिथून सुरुवात करावी. दुसरे, सूचनेतले लिंग-वचन पाहावे. ‘ती’ म्हटले असेल तर पुल्लिंगी शब्द तिथे बसणार नाही. आणि तिसरे सर्वांत महत्त्वाचे : आडव्याची साक्ष उभ्याकडून काढावी.

हे तिसरे पथ्य नीट समजून घेऊ. सूचना आहे, ‘म्हातारपणी ही हवीशी वाटते’. अक्षरे दोन, दुसरे अक्षर ‘या’. तुम्ही म्हणाल ‘माया’. शेजारचे म्हणतील ‘दया’. तिसरा कोणी ‘छाया’ म्हणेल. तिन्ही स्त्रीलिंगी, तिन्ही चपखल. निर्णय कोण देणार? पहिल्या घरातून एक उभा शब्द खाली जातो आहे : ‘वर्तमानपत्राचे जन्मस्थान’, अक्षरे चार. ‘छापखाना’. झाले! छाया ठरली. उत्तर आपण ओळखले नाही, ते सिद्ध केले.

पण समजा, त्या घरातून उभा शब्द जातच नाही. मग काय? इथे माझ्या घरची एक गोष्ट सांगतो.

माझे आजोबा मुंबईला एका कचेरीत कारकून होते. १९५० च्या आसपास बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा मोठा सुकाळ होता. प्रत्येक प्रवेशिकेला फी, आणि उत्तर आधीच पाकिटात बंद. कोडे असे रचलेले की मोक्याची घरे उघडी, तिथे दोन-तीन शब्द सारखेच शोभावेत. त्यांतला कोणता बरोबर, ते पाकिटालाच ठाऊक. गणित करून बघा. अशा सहा सूचना आणि प्रत्येकीला तीन उत्तरे असली तर सगळ्या शक्यता भरायला ७२९ प्रवेशिका लागतात. एकीला चार आणे धरले तरी १८२ रुपये ४ आणे होतात. आजोबांचा पगार त्याहून कमी होता. आधी आजीची मोहनमाळ गेली, मग पाटल्या गेल्या.

हे केवळ आमच्याच घरी घडले नसावे. १९५५ साली संसदेने बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला आणि महिन्याला एकूण एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसांच्या स्पर्धांना मनाई केली. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की, ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून नाही ती जुगारच होय आणि जुगाराला व्यापाराचे स्वातंत्र्य नाही. जिथे खरे कौशल्य लागते तिथे तो कायदा लागू होत नाही, हेही न्यायालयाने सांगितले.

आजोबा गेल्यावर त्यांची वही सापडली. डाव्या बाजूला पाठवलेली उत्तरे, उजव्या बाजूला छापून आलेली. जिथे चूक ठरली तिथे त्यांनी तांबड्या पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता : ‘का?’ पानापानावर ‘का?’ त्याला जबाब कधी आला नाही, येण्यासारखा नव्हताच.

आजीने पुढे कितीतरी वर्षे वर्तमानपत्राचे ते पान घडी करून आधी बाजूला काढले. माझ्या वडिलांनी मात्र मला कोडे सोडवायला शिकवले, एका अटीवर. ते म्हणत, “लिहिण्याआधी कारण सांग, मग पेन्सिल टेकव.” मी ‘माया’ म्हटले की ते विचारत, “दया का नको रे?” सांगता आले नाही तर घर कोरे राहायचे. कोरे घर राहिले म्हणून त्यांनी मला कधी बोल लावला नाही.

दुसऱ्या दिवशी छापून येते ते उत्तर; त्याची उकल ज्याची त्याने करायची असते. म्हणून माझी विनंती एवढीच की, कालचे राहिलेले कोडे टाकून देऊ नका. उत्तरे समोर ठेवा आणि मुलांना जवळ बसवून एकेका शब्दाला ‘का?’ विचारा. नीट रचलेल्या कोड्यात त्या प्रश्नाला उत्तर असते. ज्यात नसते, ते कोडे खुशाल बाजूला ठेवा.

तांबड्या पेन्सिलीची ती वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. आमच्या घरी आता रोजचे कोडे सोडवून झाले की माझी मुलगी शेवटी विचारते, “आता सगळ्या ‘का’ संपल्या ना?” मग आम्ही पेन्सिल खाली ठेवतो.