खिशातले कान



भिंतीलाही कान असतात, असे आपले वाडवडील सांगत आले. आता ते कान आपल्या खिशात आले आहेत, बरं का! आजचा माझा विषय तोच आहे. मोबाईलमध्ये लपून बसणारी आणि आपले बोलणे टिपून घेणारी अ‍ॅप.

फोनवरचे बोलणे साठवून ठेवणे म्हणजे रेकॉर्डिंग. ते नेहमीच वाईट असते असे नाही. पुष्कळ फोनांत ती सोय कंपनीनेच दिलेली असते. काही फोनांत रेकॉर्डिंग सुरू होताच तशी सूचना दोघांनाही ऐकू येते. हा झाला उघड व्यवहार.

चोरटे अ‍ॅप तसे नसते. त्याचे चित्र पडद्यावर दिसतच नाही. दिसले तर ते दुसऱ्याच कशाचे तरी सोंग घेते. फोन तुमचा, बोलणे तुमचे, पण ऐकणारा तिसराच! टिपलेला आवाज इंटरनेटवरून त्याच्याकडे जातो. कित्येकदा तुमचे संदेश, तुमचे फोटो आणि तुम्ही कुठे आहात तो ठिकाणाही जातो.

हे अ‍ॅप फोनात येते कसे? ते आपोआप उगवत नाही. त्याच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट घरातली. कोणी ओळखीचा माणूस फोन मागून घेतो. त्याला आपल्या फोनचे कुलूप ठाऊक असते. थोड्या वेळात तो अ‍ॅप टाकतो आणि फोन परत देतो.

दुसरी वाट बाहेरची. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका येते. कधी गाडीच्या दंडाची पावती येते. तिच्या नावाच्या शेवटी टिंब आणि ए, पी, के ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. ही अक्षरे दिसली की समजा, ती पत्रिका नव्हे, ते अ‍ॅप आहे. ते फोनातले संदेश वाचू शकते. मग बँकेचा ओटीपीही चोराच्या हाती जातो.

गूगलने 11 मे 2022 पासून एक नियम केला. ज्यांना नीट दिसत नाही, त्यांच्या मदतीसाठी फोनात अ‍ॅक्सेसिबिलिटी नावाची सोय असते. पुष्कळ अ‍ॅप तिचा आडमार्गाने उपयोग करून बोलणे रेकॉर्ड करीत. प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅपना तसे करायला बंदी झाली. चोरटी अ‍ॅप बाहेरून टाकायला सांगतात. 'प्ले प्रोटेक्ट बंद करा,' असेही सांगतात. प्ले प्रोटेक्ट म्हणजे फोनचा राखणदार. राखणदाराला घालवून द्या म्हणणारा पाहुणा कसला असेल, हे तुम्हीच ओळखा.

आमच्या गावचा एक तरुण मला म्हणाला, "गुरुजी, बायको माहेरी तासभर फोनवर बोलते. काय बोलते ते ऐकायचे अ‍ॅप मिळते म्हणे. टाकू का?"

मी म्हटले, "अरे, तिला माहेरचे पाकीट आले असते, तर तू ते चोरून फोडले असतेस का?"

तो म्हणाला, "छे! पण हा तर फोन आहे."

मी म्हटले, "फोन असो की पाकीट, बोलणे तिचेच. ती आईजवळ मन मोकळे करते. उद्या तिला कळले, तर ती आईशीही बोलणार नाही आणि तुझ्याशीही नाही. मनात शंका असेल तर समोर बसून विचार. शिवाय ते बोलणे तुझ्या एकट्याकडे राहत नाही. अ‍ॅप चालवणाऱ्याकडेही ते साठते. 2024 साली एमस्पाय नावाच्या अशाच एका अ‍ॅपच्या गिऱ्हाइकांच्या लाखो नोंदी फुटल्या. घरचे बोलणे चव्हाट्यावर आले तर काय करशील?"

तो काही बोलला नाही. पण त्याने अ‍ॅप टाकले नाही.

कायदा काय म्हणतो? 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी निकाल दिला, की खाजगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. जुलै 2025 मध्ये त्याच न्यायालयाने असेही सांगितले, की नवराबायकोच्या खटल्यात चोरून केलेले रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येते. याचा अर्थ घरोघर चोरून ऐकावे असा मात्र नाही. दुसऱ्याच्या फोनात लबाडीने शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोन्हीही होऊ शकतात.

आता आपला फोन कसा तपासावा?

एक. सेटिंग्ज उघडा. सगळ्या अ‍ॅपची यादी वाचा. अनोळखी नाव दिसले तर जाणत्या माणसाला विचारा.

दोन. परवानग्यांमध्ये मायक्रोफोन पाहा. तुमचा आवाज कोणकोणते अ‍ॅप ऐकू शकते, ते तिथे लिहिलेले असते. खेळाच्या अ‍ॅपला आवाज कशाला हवा? नको असेल ती परवानगी काढून टाका.

तीन. अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये कोणते अ‍ॅप चालू आहे ते पाहा.

चार. प्ले स्टोअरमध्ये जाऊन प्ले प्रोटेक्टकडून फोन तपासून घ्या.

पाच. फोनचे कुलूप बदला आणि कोणाला सांगू नका.

फोन तापतो, बॅटरी लवकर उतरते, ही खूण असू शकते. पण जुन्या फोनचेही तसे होते. म्हणून उगाच कोणावर आळ घेऊ नका.

भगिनींनो, एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगतो. घरात मारहाण होत असेल आणि फोनात असे अ‍ॅप सापडले, तर ते घाईने काढू नका. काढल्याचे टाकणाऱ्याला कळते. त्याचा राग तुमच्यावर निघेल, आणि पुरावाही जाईल. आधी विश्वासातल्या बाईच्या फोनवरून 181 या महिला मदत क्रमांकावर बोला. जिवाला धोका असेल तर 112 लावा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर कळवा.

तुम्ही या वयात अक्षरे शिकलात. त्या अक्षरांचा उपयोग इथे आहे. अ‍ॅप टाकताना पडद्यावर एक चौकट येते. ती परवानगी मागते. पूर्वी आपण समोर आलेल्या कागदावर अंगठा उठवत होतो. न वाचता त्या चौकटीवर बोट ठेवणे म्हणजे पुन्हा अंगठाच नाही का? म्हणून आधी वाचा. समजले नाही तर विचारा. मगच बोट ठेवा. आणि जे बोलणे आपले नाही, ते चोरून ऐकू नका.

एवढे सांगून मी आपली रजा घेतो.