भाजीची वही
(महिला मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आमच्या अगोदरच्या वक्त्यांनी शिक्षणावर व नोकरीवर विचार मांडले. आम्ही मात्र ताटातल्या भाजीबद्दल बोलणार आहोत. हा काय व्यासपीठावरचा विषय आहे, असे कोणी म्हणेल. पण आमच्या मंडळातील काही घरांनी महिनाभर एक वही ठेवली. घरातील कोणी, कोणत्या दिवशी, किती भाजी आणि किती फळ खाल्ले एवढेच तिच्यात लिहायचे होते. या घरांपैकी काही अमरावतीची, काही अकोल्याची आणि काही दर्यापूर, मूर्तिजापूरकडील खेड्यांतली. त्या वहीने आमचे डोळे उघडले, म्हणून हे बोलणे.

प्रथम माप सांगतो. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांच्या २००३ सालच्या अहवालात प्रत्येकाने रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खावीत असे म्हटले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत दिवसाला ४०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम फळ असे धरले आहे. आलू या हिशेबात येत नाही. त्यात पिष्ट जास्त म्हणून तो पोळी-भाकरीच्या बाजूला मोजायचा.

येथेच पहिली गंमत झाली. पहिल्या आठवड्याच्या वह्या आल्या तेव्हा बहुतेकींनी दोन्ही वेळेला "भाजी, एक वाटी" असे लिहिलेले. आम्हाला आनंद झाला. मग विचारले, कशाची भाजी? तर सोमवारी बेसन, मंगळवारी आलूची, बुधवारी मोटाची उसळ, गुरुवारी मुंगवड्यांची. आपल्या वऱ्हाडात भाकरीसोबत जे काही येईल त्याला आपण भाजीच म्हणतो! बेसन, उसळ, वड्या वाईट मुळीच नाहीत, त्यांचे काम वेगळे आहे. पण पाला, वांगे, भेंडी, गवार, ढेमसे हे आठवड्यातून दोन-तीनदाच ताटात आलेले होते. शब्द एकच असल्यामुळे ही उणीव आपल्या लक्षातच येत नव्हती. तेव्हापासून वहीत "भाजी" हा शब्द लिहायला मनाई केली. जे शिजले त्याचे नाव लिहायचे.

दुसरी गोष्ट सांगताना थोडे जड वाटते. घरातील प्रत्येकाचा रकाना वेगळा आखला होता. नवरा, मुले, सासू यांचे रकाने भरलेले आणि जिच्या हातात पेन्सिल, तिचाच रकाना रिकामा. कुठे "ठेचा", कुठे "चटणी", कुठे नुसती रेघ. एका बाईला आम्ही कारण विचारले तर ती म्हणाली, "गंजात उरलीच नाही तर मी काय लिहू वं माय?" सगळ्यांचे जेवून झाल्यावर जेवायचे, ही आपल्या घरातील रीत. रक्त कमी असल्याच्या गोळ्या दवाखान्यातून आणायच्या आणि पालेभाजी दुसऱ्यांना वाढून टाकायची, असे हे चालले आहे. रक्तवाढीला नुसती पालेभाजी पुरते असे आम्ही म्हणत नाही, गोळ्या बंद करू नयेत. परंतु पाल्यावर लिंबू पिळले तर त्यातील लोह अंगी लागायला मदत होते, आणि ते लिंबू पिळण्यासाठी अगोदर ताटात पाला असावा लागतो.

आता कोणी म्हणेल, भाजी महाग, मजुरी तोकडी. खरे आहे. हिशेब करून पाहू. माणशी ४०० ग्रॅम धरले तर पाच माणसांना दिवसाला २ किलो, आठवड्याला १४ किलो. आमच्यातील कित्येकींची बाजाराची थैली याच्या निम्मीही भरत नाही, आणि तीत आलू असतातच. मजुरीवर जगणाऱ्या घराला उद्यापासून १४ किलो आणा असे सांगणे म्हणजे थट्टा होईल. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर अडचण आणखी मोठी आहे. विहिरीचे पाणीच खारे, त्यामुळे परसात दोन वाफे मेथीचे लावावे म्हटले तरी जमत नाही. तेथील बाईला बाजाराच्या दिवसावरच अवलंबून राहावे लागते, आणि बाजाराच्या तिसऱ्या दिवशी पाला सुकतो. दर्यापूरकडील वह्यांत आठवड्याचे शेवटचे तीन दिवस कसे कोरडे जात, ते स्पष्ट दिसले.

उलट वरुड, मोर्शीकडे संत्र्याच्या बागा. आंबिया बहार दिवाळीच्या सुमारास, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये तुटतो. तिकडे तोडाईला जाणारी आमची एक भगिनी म्हणाली, "दिवसभर संत्रा तोडतो, पन पोरासाठी इकत आनला कधी, थे इचारू नका." नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तोडणाऱ्याच्या पोराला संत्रे केव्हा मिळणार?

तरीही फुकटचे किंवा स्वस्तातले बरेच आपण सोडून दिले आहे. पहिल्या पावसानंतर तरोट्याचा कोवळा पाला, पुढे अंबाडी, हिवाळ्यात हरभऱ्याचा घोळणा, उन्हाळ्यात चिवळ. आपल्या आजीने हे निंदणावरून येताना ओट्यात आणले. आज मुलांना तरोट्याची भाजी म्हणजे गरिबीची खूण वाटते. फक्त तणनाशक फवारलेल्या वावरातला पाला आणू नये, ही नवी काळजी घ्यावी लागते. फळांतही सफरचंदाचा हट्ट कशाला? पेरू, बोरे, पपई, सीताफळ आपलेच आहेत. शाळेतील आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला ७५ ग्रॅम भाजी ठरलेली आहे. ती पातेल्यात पडते की नाही, हे आईने कधीतरी शाळेत जाऊन पाहावे.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण बरेच आहेत. अशा रुग्णाला संत्रे, केळी, पालेभाज्या यांतील पोटॅशियम बाधू शकते. त्याने ही वही डॉक्टरांना दाखवावी आणि ते सांगतील तेवढेच खावे, आमचे ऐकू नये. मधुमेह असलेल्यांनी रस न पिता फळ चावून खावे, तेही बेताने.

दुसऱ्या महिन्यात आम्ही एकच बदल केला. भाजी शिजली की वाढायच्या अगोदर स्वयंपाक करणारीची वाटी भरून झाकून ठेवायची आणि वहीत तिचे नाव सर्वांत वर लिहायचे. काही घरांत सासूबाई रागावल्या. एका घरात तर नवऱ्यानेच ती वाटी झाकायला सुरुवात केली, त्याचे आम्हाला फार कौतुक वाटते. थैलीत पूर्वीइतकीच भाजी येत होती, तरी पहिला रकाना भरू लागला.

रकाने आखलेल्या वह्या बाहेर ओट्यावर ठेवल्या आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मुलांकडून लिहून घ्यावे, किंवा वाटीमागे एक रेघ ओढावी. पुढच्या महिन्याच्या बैठकीला वही सोबत आणावी, कोरी राहिली असली तरी आणावी.