फिर्याद कुणाच्या हातची?



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाला बोलायला एकदाच मिळतं. पुढच्या वर्षी तो माजी होतो; त्याला शाल मिळते, माईक मिळत नाही. म्हणून प्रस्तुत अध्यक्षाने वाचनसंस्कृतीची काळजी आणि अनुवादाची गरज ही दोन्ही प्रकरणं छापील प्रतीत ठेवली आहेत. ती उपस्थितांनी घरी नेऊन वाचावीत. इथे बोलायचं आहे ते द्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांबद्दल आणि ते जिथे नोंदवले जातात, किंवा नोंदवले जात नाहीत, त्या पोलीस ठाण्याबद्दल.

हा विषय विषय नियामक समितीपुढे वर्षानुवर्षं येत राहिला आणि ‘साहित्यबाह्य’ असा शेरा घेऊन परत जात राहिला. सीमाप्रश्नाचा ठराव साहित्यबाह्य ठरत नाही, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरचा ठरत नाही, ठरूही नये. मग वस्तीवरच्या बाईची फिर्याद कोण लिहितं आणि कशी लिहितं, हा प्रश्न मराठी लेखकांच्या सभेत का येऊ नये? या राज्यातल्या ठाण्यांमध्ये रोज मराठी गद्य लिहिलं जातं. त्या गद्यावर माणसं तुरुंगात जातात, त्या गद्यावरच सुटतात. चारोळीवर चर्चासत्रं झाली, ललितगद्यावर झाली, मुखपृष्ठांवर झाली. ज्या गद्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो त्याची समीक्षा करायला एकही परिसंवाद भरला नाही. ही मराठी साहित्यव्यवहाराची सर्वांत मोठी चूक आहे, असं प्रस्तुत अध्यक्षाचं ठाम मत आहे.

आणि साहित्यबाह्य म्हणणाऱ्यांना आपलाच इतिहास आठवत नाही. दलितांवरील अत्याचारांची नोंद करणारा एलायापेरुमल समितीचा अहवाल संसदेपुढे आला १९७० मध्ये. त्यानंतर बावड्यात दलितांवर बहिष्कार पडला, परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली आणि १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली. ती उभी करणारे नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार हे कोण होते? कवी, लेखक, लघुनियतकालिकवाले. त्यांनी अहवाल वाचला आणि रस्त्यावर आले. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा दिल्लीत लिहिला गेला खरा. त्यामागची धग मात्र बरीचशी मराठी लेखणीची आहे.

आता दोन तारखा. २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्याचा निकाल दिला. निवृत्त पोलीस महासंचालकांनी १९९६ मध्ये केलेल्या याचिकेवर दहा वर्षांनी सात निर्देश आले. राज्य सुरक्षा आयोग नेमा, महासंचालकाला आणि ठाण्याच्या प्रमुखाला किमान दोन वर्षांची मुदत द्या, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ करा, तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण उभारा, असं त्यात स्पष्ट सांगितलं होतं. त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, २९ सप्टेंबरला, भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात खैरलांजी घडली. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलं मारली गेली. आई आणि मुलीने आधीच्या एका मारहाणीत साक्ष दिली होती. त्या प्रकरणातले आरोपी जामिनावर सुटले त्याच दिवशी हे हत्याकांड झालं.

पुढे काय झालं ते सभागृहाला ठाऊक आहे, तरी सांगितलं पाहिजे. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवलं, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कारावासावर आणली. मात्र अत्याचार प्रतिबंधक कायदा लागला नाही. न्यायालयाने हा साक्षीचा सूड मानला. जात हे कारण सिद्ध झालं नाही, असं म्हटलं. त्या घरातले एकटे उरलेले भैयालाल भोतमांगे २०१७ च्या जानेवारीत गेले. घरातली सगळी माणसं गेली ती जातीमुळे, एवढं एक वाक्य निकालात यावं, यासाठी हा माणूस दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होता.

सूड आणि जात या दोन गोष्टी एकमेकींना वगळतात, हे कुठल्या शास्त्रात लिहिलं आहे? ज्या घराने साक्ष द्यायची हिंमत केली, त्याच्यावर गाव इतकं का उखडलं? वरच्या आळीतल्या एखाद्याने तीच साक्ष दिली असती तर गाव असं चालून गेलं असतं का? हा प्रश्न तपासी अंमलदाराने पहिल्या दिवशी विचारायचा असतो. पहिल्या जबाबात तो आला नाही, तर दोन वर्षांनी न्यायालयात तो पुराव्याविना उभा राहतो.

इथेच प्रस्तुत अध्यक्षाला तहसील कचेरीचं आवार आठवतं. कविता लिहायला लागण्याच्या आधी तो वडिलांच्या शेजारी बसून अर्ज लिहायचा. वडील अर्जनवीस होते; पत्र्याची पेटी, तिकिटांचं पाकीट, शाईचा पॅड हा त्यांचा संसार. एकदा भावकीतली एक बाई आली, मनगटाला फडकं बांधलेलं. विहिरीवर हंडा लावला म्हणून तिला मारलं होतं, जातीवरून बोलले होते, चारचौघांत. वडिलांनी पोराला तिच्याबरोबर ठाण्यात धाडलं. अंमलदाराने कागदांमध्ये कार्बन घातले, बॉलपेन दाबून दाबून लिहायला घेतलं. बाई बोलत होती एक, कागदावर उतरत होतं दुसरं. हंडा गेला, विहीर गेली, शिवी गेली. उरलं ते असं की जुन्या भांडणाची कुरापत काढून फिर्यादीस किरकोळ मारहाण केली. अदखलपात्र. बाईने अंगठा उठवला आणि शाई पदराला पुसली. कार्बनची एक प्रत फाडून तिच्या हातात दिली गेली. घरी येऊन वडिलांनी ती वाचली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “हे तिचं नाही.” दुसऱ्या दिवशी समोरच्या मंडळींनी तिच्या नवऱ्यावर दागिने लुटल्याची उलट फिर्याद दिली. ती मात्र दखलपात्र होती, आणि खडान्‌खडा लिहिलेली होती.

त्या ठाण्याचं नाव घेण्याची गरज नाही. या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी आपापल्या तालुक्याचं नाव मनात घेतलं असेल.

अ‍ॅट्रॉसिटीच्या गैरवापरावर वर्तमानपत्रांतून सदरं चालवणाऱ्यांनी, आणि तीच सदरं पुस्तकरूपाने प्रकाशित करून घेणाऱ्यांनी, अशी एक कार्बनची प्रत कधी हातात घेतली आहे का? खोट्या तक्रारी होतात, हे कुणी नाकारत नाही. पण कराडच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या महाजन खटल्यात २० मार्च २०१८ रोजी अटकेआधी मंजुरी आणि गुन्हा नोंदवण्याआधी चौकशी अशी अट आली, देश २ एप्रिलला रस्त्यावर उतरला, संसदेने कलम १८-अ घालून ती अट काढली आणि २०२० मध्ये न्यायालयानेही ती दुरुस्ती मान्य केली. हा वाद संपला आहे. तो दरवर्षी उकरून काढणाऱ्यांना वाद घालायचा नसतो, वातावरण तापतं ठेवायचं असतं.

त्याआधी कोपर्डीत एका मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला होता. जुलै २०१६ चा तो गुन्हा राज्य विसरणार नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये, सोळा महिन्यांत, निकाल लागला. म्हणजे महाराष्ट्र पोलिसांना तपास येतो. वेळेत येतो, नेटका येतो. मग तो प्रत्येक मुलीच्या वाट्याला का येऊ नये, एवढंच विचारायचं आहे.

हे दुखणं एका जातीचं किंवा एका धर्माचं नाही. २ जून २०१४ ला हडपसरला मोहसिन शेख या संगणक अभियंत्याला मारलं गेलं. ज्या फेसबुक मजकुरावरून जमाव चिडला होता, त्याच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. २०१७ मध्ये तीन आरोपींना जामीन देताना उच्च न्यायालयाने मृताचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, असं लिहिलं आणि ही बाब आरोपींच्या बाजूने धरली. जे गुन्हा गंभीर करायला हवं, त्यानेच तो हलका झाला! सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो आदेश रद्द केला आणि कान उपटले. पण २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. पुरावा गोळा करण्याचं काम कुणाचं होतं?

१ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण ठेचून मारले गेले. बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागायला निघालेले. मुलं पळवणारी टोळी आली, ही मोबाइलवरची अफवा. पण बाजाराच्या दिवशी शंभर अनोळखी माणसं येत असताना संशय आला तो भटक्यांचाच, हा योगायोग नव्हे. १८७१ च्या कायद्याने ज्यांच्या कपाळावर गुन्हेगार लिहिलं, त्यांच्या बाबतीत तो कायदा १९५२ मध्ये गेला तरी गावाची नजर गेली नाही. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ या दोन्ही आत्मकथनांना साहित्य अकादमीचा पुरस्कार देऊन आपण टाळ्या वाजवल्या. नजर तिथेच राहिली. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक पोलिसांच्या डोळ्यांदेखत मारले गेले. कुणी कुणावर आरोप करायचा तो करावा. खाकी वर्दी समोर असताना जमावाला भीती वाटली नाही, ही गोष्ट सगळ्यांच्या काळजीची आहे.

राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने जमावहत्येविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितलं, स्वतंत्र कायद्याचा विचार करायला सांगितलं. भारतीय न्याय संहितेत कलम १०३(२) आलं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालं. पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणांवरून खून केला तर फाशी किंवा जन्मठेप. चांगलं झालं. पण त्यात धर्माचा थेट उल्लेख नाही. चौघांनी मारलं तर ते बसत नाही. आणि कारण शोधायचं कुणी? त्याच अंमलदाराने, त्याच ठाण्यात, मिरवणुकीचा बंदोबस्त आटोपून रात्री अकराला परतल्यावर.

कारण कसं नोंदवायचं, याचं एक उदाहरण बाहेरचं आहे. इंग्लंडमध्ये १९९३ साली लंडनच्या बसथांब्यावर स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. तपास पोलिसांनीच मातीत घातला. आई-वडील झुंजले, १९९९ मध्ये मॅकफर्सन चौकशीने पोलीस दलातच वर्णद्वेष मुरलेला आहे असं लिहिलं. त्या अहवालातली एक शिफारस मोलाची होती. पीडिताला किंवा कुणालाही घटना वर्णद्वेषाची वाटली, तर पोलिसांनी ती तशीच नोंदवायची, खरंखोटं तपासात ठरेल. दोन आरोपींना २०१२ मध्ये शिक्षा झाली. आपल्याकडे श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये मुंबईच्या दंगलीबद्दल ३१ पोलिसांची नावं दिली होती. त्या अहवालाचं काय झालं हे इथे सांगायला नको.

प्रकाश सिंह निकालानंतर महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला तो २०१४ मध्ये, आठ वर्षांनी. जिल्ह्यातलं तक्रार प्राधिकरण विभागावर गेलं. म्हणजे भामरागडच्या माणसाने पोलिसाविरुद्धची तक्रार घेऊन नागपूर गाठायचं. परभणीत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत मेला, आणि पोलिसांवर गुन्हा नोंदवा हे सांगायला २०२५ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालय लागलं.

यात शिपायाला झोडपण्याचा हेतू नाही. प्रस्तुत अध्यक्षाने पोलीस वसाहतीतल्या मुलांना शिकवलं आहे. बाप घरी कधी येतो हे त्या मुलांना सांगता यायचं नाही. २०१६ मध्ये मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, आणि तीही कल्पना एका शिपायाचीच होती. झोप झालेला माणूस फिर्याद नीट ऐकतो. पोलीस सुधारणा म्हणजे पोलिसांना शिक्षा, असं ज्यांना वाटतं त्यांनी सणासुदीचा एक बंदोबस्त ठाण्यात बसून पाहावा.

ठिकठिकाणची छोटी नियतकालिकं चालवणारे मित्र या प्रश्नावर लिहीत आले आहेत.  त्यांच्याकडे बोट दाखवण्याचं कारण नाही. बोट दाखवायचं आहे ते खुर्ची मिळेपर्यंत विद्रोही आणि मिळाल्यावर विषय नियामक होणाऱ्यांकडे.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात अध्यक्षांच्या अधिकारात ठराव येणार आहे. त्यात चार मागण्या आहेत. फिर्याद फिर्यादीच्या शब्दांत लिहावी आणि तिचं ध्वनिमुद्रण ठेवावं. जात, धर्म, भाषा किंवा जमात हे कारण फिर्यादीने सांगितलं तर ते गाळणाऱ्या अंमलदारावर, अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कर्तव्यात कसूर करणाऱ्यासाठी कलम ४ आहे तशी, कारवाई व्हावी. प्रत्येक तालुक्यात तपासाची वेगळी तुकडी असावी. तक्रार प्राधिकरण जिल्ह्यात यावं. ठराव या वर्षी समितीकडे जाणार नाही. तो थेट मांडला जाईल, पहिल्या क्रमांकावर, दुपारच्या जेवणाच्या आधी. ज्यांचा विरोध असेल त्यांनी उभं राहून कारणासह तो नोंदवावा. कार्यवाहांना सूचना दिलेली आहे की विरोध करणाऱ्यांची नावं आणि त्यांची कारणं, त्यांच्याच शब्दांत, इतिवृत्तात घ्यावीत.